चीक कोणी खाल्ला

खरवसाचा दुसरा तुकडा तोंडात असताना ताईबाईचा फोन आला. सकाळचे अकरा वाजले होते, लॅबमधला पंखा नेहमीप्रमाणे नुसता आवाज करत होता, आणि जळगावचं ऑक्टोबरातलं ऊन खिडकीतून थेट माझ्या वहीवर पडलं होतं. डबा लॅबमधल्या किरणभाऊंनी स्टँडवरून आणला होता. पारोळ्याकडून येणाऱ्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात ताईबाईने तो दिला होता, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारून, आणि वर बॉलपेनने लिहून घेतलं होतं, 'मयुरी डॉक्टर'. मी तिच्या गोठ्यात पारडांचं रक्त तपासायला जाते, पण जनावरांची डॉक्टर नाही. कागदावरचीही अजून झालेले नाही. सहा वर्षं होत आली, व्हायचंच चाललंय. पण गावात कुणाला हे समजावून सांगायचा मी केव्हाच कंटाळा केला आहे. "पोचना का डबा?" ताईबाईने विचारलं. मी तोंडात घास ठेवूनच हुं म्हटलं. "बठ्ठा चीक तुनाकरता ठी दिधा व माय. एक थेंब कोणले दिधा नही." आणि मग ती हसली. ते हसू मला इतकं ओळखीचं होतं की घास गिळायला लागणारा एवढासा वेळ मी नुसती सुखात होते. मग तिने काय सांगितलं ते डोक्यात शिरलं. म्हैस कधी व्याली, मी विचारलं. काल दुपारी चार वाजता. पारडी झाली. आणि पारडीने काय प्यायलं? "गुळनं पानी पाजं ना. जार पडना नही आजून, कसं पेवाडतस?" म्हैस तापली आहे, पान्हा सोडत नाही, आबा, म्हणजे तिचे नवरे, गुरांच्या डॉक्टरला आणायला गेले आहेत, असं ती सांगत राहिली. तिच्या आवाजात काळजी होती, पण ती म्हशीची. "पारडीले काही व्हत नही, उभी शे," ती म्हणाली.

मला हे सगळं माहीत होतं. हेच तर माझं काम. बाईच्या पोटात असताना बाळाला तिच्या रक्तातून थोडंफार संरक्षण मिळतं. गाई-म्हशींत तसं होत नाही. पारडू जन्मतं ते कोरं, रोगाशी लढायला त्याच्याकडे काही म्हणजे काही नसतं. जे मिळायचं ते आईच्या पहिल्या चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच, जितक्या लवकर तितकं बरं. पारडाच्या आतड्याची दारं तेवढाच वेळ उघडी असतात. चोवीस तासांनी ती मिटतात. त्यानंतर बादलीभर चीक पाजा, पोट भरेल, बाकी काही नाही. आणि गावात पद्धत अशी की जार, म्हणजे पारडाच्या मागून पडायची ती पिशवी, पडल्याशिवाय आचळाला तोंड लावू द्यायचं नाही. कुठे जार दोन तासांत पडतो, कुठे दुसऱ्या दिवशी. मी बासष्ट पारडांचं रक्त घेतलं आहे, आणि माझ्या प्रबंधात एक वाक्य आहे जे मला फार आवडायचं: 'पशुपालकांच्या अज्ञानामुळे नवजात पिल्ले चिकापासून वंचित राहतात.' अज्ञान हा शब्द प्रबंधात अकरा वेळा आलाय. माझ्या गाईडनी, बोरसे सरांनी, एकदा त्याखाली बरोबरची खूण केली होती.

फोन ठेवल्यावर मी डब्यात पाहिलं. पांढरा, थरथरता, वर वेलदोड्याची पूड. माणसाच्या पोटात या चिकाचं काय होतं? काही नाही. पचतो, चण्याची डाळ पचते तसा. त्यातून वाफवल्यावर तर जे हवं ते आधीच मेलेलं असतं. पारडीची सगळी ठेव मी चमच्याने खाल्ली होती आणि मला तिचा काडीचा उपयोग होणार नव्हता. मी वही ओढली. कोणत्या घरी कितव्यांदा गेले ते मी तारखेसह लिहिते, त्यात मी काटेकोर आहे. पहिल्या भेटीतली पारडं बरी आहेत. जार उशिरा पडलेली सोडली तर आकडे ठीक. त्याच घरातलं दुसरं वेत, तिसरं वेत, जिथे मी ओळखीची झाले, जिथे मला बाज टाकून बसवायला लागले, तिथले आकडे पडलेले. तपासणीच्या प्लेटवर त्या खाचा पिवळ्या व्हायच्याच नाहीत, पाण्यासारख्या राहायच्या. वर्षभर मी आणि सर त्या पांढऱ्या खाचांवर डोकं फोडत होतो. वैरण कमी पडली, ऋतुमान बदललं, म्हशींची वयं झाली. शेवटी सरांनी ऋतुमान ठेवायला सांगितलं आणि मी अडीच पानं ऋतुमानावर लिहिली. वहीत सगळ्यांना रकाना होता. जात, वजन, वेताचा क्रमांक, जार पडल्याची वेळ. चीक कोणी खाल्ला याला नव्हता. धुळ्याच्या अलीकडे नवलभाऊंच्या घरी मी गुळाचा खाल्ला, जायफळ घातलेला. त्यांच्या थोरल्या सुनेने वड्या कापून सोबत दिल्या, त्या मी एसटीत संपवल्या. दुसऱ्या एका घरी वाटी रिकामी झाली की पुन्हा भरली. मी नको म्हणायचे, पण आपण नको कसं म्हणतो ते आपल्याला ठाऊक असतं. किरणभाऊ पलीकडे काचेच्या नळ्या धूत होते. त्यांना सांगितलं तेव्हा ते नळी उन्हाकडे धरून म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा, मॅडम." त्यांना वाटलं मी हसेन.

फ्रीझरमध्ये चार बाटल्या होत्या, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या. गोठवलेला चीक, वाफवल्यासारखा न मेलेला. सगळ्या चाचण्यांचं माप त्याच्यावर. नवी प्लेट लावली की त्यातला थेंबभर काढायचा आणि बाकीच्यांना त्याच्याशी ताडून बघायचं. थेंबांसाठी एक छोटी कुपी वेगळी होती, ती गेल्या आठवड्यात संपली. आता बाटली फोडायची होती. शेवटच्या आठ प्लेटा राहिल्या होत्या, प्रबंध डिसेंबरात द्यायचा होता, शिष्यवृत्ती जूनमध्येच थांबली होती. मी सरांना फोन लावला आणि हा चीक पारडीला नेऊन पाजते म्हटलं. सर वाईट नाहीत, तेही थकलेलेच आहेत. त्यांच्या हाताखालचे आम्ही सगळे कधी एकदा संपतो याची वाट बघत असतात. "ते जनावर अभ्यासात आहे ना?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. "मग आपण बघायचं, मयुरी. आपण गोठ्यात हात घालायला लागलो तर मोजणार कोण? आणि तो चीक गेला तर माप कुठून आणशील? पुन्हा पहिल्यापासून?" मी म्हटलं, सर, आपण पहिल्यापासून हात घालतोच आहोत. त्यांना ते कळलं नाही. मी कळेल असं सांगितलंही नाही. सांगायला जेवढा जोर लागतो तेवढा त्या वेळी माझ्यात नव्हता. बाटल्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फात घातल्या. उरलेला खरवस किरणभाऊंना काढून दिला. डबा धुवावा की धुऊ नये या विचाराने मी नळापाशी उगाच उभी राहिले. आमच्याकडे, फैजपूरला, चिकाचं भांडं धुऊन परत देत नाहीत, म्हैस आटते म्हणतात. मायक्रोबायोलॉजीतली एमेस्सी झालेली बाई मी. डबा न धुता पिशवीत टाकला.

साडेबाराच्या धुळे गाडीत खिडकीची जागा मिळाली आणि पेटी मांडीवर घेतली. बांभोरी गेलं, एरंडोलच्या अलीकडे रस्त्याचं काम सुरू होतं, गाडी धूळ खात उभी राहिली. एक वाजत आला. चार वाजता चोवीस तास पुरे होणार. मी मनातल्या मनात वेळा मांडल्या, पारोळा दोन, फाटा सव्वादोन, रिक्षा मिळाली तर पावणेतीन. मग ते करून करून डोळे जड झाले. मला आजकाल कुठेही झोप येते, फक्त अंथरुणावर येत नाही. पेटीतल्या बर्फाने मांडी गार झाली होती आणि त्या गारव्यात मला फैजपूरचं घर दिसत होतं. म्हैस व्याली की आई चीक वाफवायची, आणि वाट्या घेऊन घरोघर मी जायचे, फ्रॉकच्या घेरात वाटी धरून, सोळा घरं. परत येताना वाटीत चिमूटभर साखर किंवा चार दाणे. रिकामी वाटी कुणी द्यायचं नाही. मला फार मोठं वाटायचं, आपण गावाला काहीतरी पोचवतो आहोत. दाव्याला बांधलेलं पारडू तेव्हाही तिथेच असणार. मला ते आठवत नाही. वाट्या आठवतात, कोणाच्या घरचा उंबरा उंच होता ते आठवतं, पारडू आठवत नाही. नंतर आप्पांनी, माझ्या वडिलांनी, म्हशी विकल्या आणि सगळी केळीच लावली, तेव्हा वाटलं होतं की खरवस आता गेला. म्हणून तीन वर्षांपूर्वी ताईबाईच्या ओट्यावर बसून मी सहज बोलून गेले, "आई करायची, आता मिळत नाही." एवढंच बोलले. दुसरं कुणी असतं तर विसरलं असतं.

ताईबाईची लेक रूपा सुरतेला दिलेली. वर्षाआड एकदा येते, पोरं घेऊन, दोन दिवस. पहिल्याच भेटीत ताईबाईने माझ्या हातातली रक्ताची नळी बाजूला ठेवली आणि बांगड्या का नाहीत म्हणून विचारलं. तिच्या घरात दूध नव्हतं तेव्हा ती कपाशीच्या शेतातून आलेली तशी, पदराला बोंडाच्या काड्या लागलेल्या, तीन घरं फिरून दूध मागून आली, कारण पाहुणीला काळा चहा देणं तिला मेल्यासारखं वाटतं. मी बसून राहिले. मला तिच्याकडे बसायला आवडायचं. तिथे कुणी विचारत नसे प्रबंध कधी, लग्न कधी. कधीकधी तर वही न काढताच मी तास तास बसले आहे, आणि रात्री खोलीवर येऊन वहीत 'निरीक्षण' असं लिहिलं आहे. सहा वर्षांत मी कुठे सुखात होते असं कुणी विचारलं तर मी तो ओटा सांगेन. आणि त्या ओट्याची किंमत दहा फुटांवर दाव्याला उभी होती, मी तिच्या मानेतून पाच मिली रक्त काढत होते आणि आकडा कमी का येतो याचं नवल करत होते.

एरंडोल सुटलं तेव्हा आईचा फोन आला. ती रोज आठ वाजता करते, आज दुपारीच. मी घेत नाही बऱ्याचदा. आज घेतला. "जेवली का? काय करून राहिली?" मग नेहमीचं. "सीताफयं ठेवली आहे तुह्यासाठी. दोन तर नरम पडून गेली. कधी येशी?" आई माझ्यासाठी ठेवते. दिवाळीचं संक्रांतीपर्यंत ठेवते. मी गेले की एकेक डबा उघडते, त्यातलं निम्मं वासलेलं असतं, आणि मी चिडते. म्हणते, कशाला ठेवतेस, टाकून दे. इतक्या वर्षांत तिने ठेवलेल्या गोष्टींवर मी चिडले, पण एक साधी गोष्ट विचारली नव्हती. ती आज विचारली. "तू खाल्लं का एखादं?" आई म्हणाली, "मले काय करायचे व्हते." मी म्हटलं, ती दोन नरम पडलेली आता खा. मी फोन ठेवत नाही, खा. ती म्हणाली, येडी झाली का तू. पण ताटली की वाटी काहीतरी वाजलं, आणि मग ती सीताफळाच्या बिया तोंडातून बाजूला काढते तसा आवाज आला. गोड आहे का? "गोड आहे ना," ती म्हणाली, जरा नवल वाटल्यासारखं. मला रडू आलं. शेजारच्या बाईने माझ्या मांडीवरच्या पेटीकडे पाहिलं आणि, काय समजली कोण जाणे, माझ्या हातावर हात ठेवला.

फाट्यावर रिक्षा नव्हती. एका मोटारसायकलवाल्याने सोडलं. तीनला दहा कमी असताना मी गोठ्यात होते. गुरांचे डॉक्टर इंजेक्शन देऊन नुकतेच गेले होते. म्हैस मान टाकून उभी होती. पारडी उभी नव्हती. कोपऱ्यात कडब्यावर बसली होती, कान पडलेले, नाक कोरडं. मी बोट तोंडात घातलं तर तोंड कोमट लागलं, गरम नाही, आणि तिने बोट चोखलं, पण मध्येच विसरल्यासारखं सोडून दिलं. "सकायपावत उभी व्हती," ताईबाई म्हणाली. मी तिला पाणी तापवायला सांगितलं, हाताला सोसेल इतकंच, उकळायचं नाही, उकळलं की गेलं सगळं. बाटल्या पाण्यात ठेवल्या. बर्फ सुटायला वेळ लागतो. घाई करता येत नाही आणि घड्याळ तर समोर. मी वीस मिनिटं त्या पातेल्यात हात घालून बसले, बाटल्या फिरवत. रुपचंद आबा दारात उभे राहून तंबाखू मळत होते. ते फारसे बोलत नाहीत. "जार पडना नही, अन् दूध पेवाडशी?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, हो म्हणाले नाहीत आणि अडवलंही नाही.

सुटलेला चीक ओतायला भांडं हवं होतं. मी पिशवीतून डबा काढला, सकाळचाच, न धुतलेला. पिवळाजर्द चीक, घट्ट, डब्याच्या कडेला चिकटत होता. तो बाटलीत भरून, रबरी निपल लावून थोडा थोडा पाजायचा. पहिल्यांदा पारडीने सगळं गळ्यावरून ओघळू दिलं. मी तिची मान मांडीत घेतली, टाळूला अंगठा लावला. मग एक घोट गेला. मग दुसरा. आणि मग शेपटी हलली, एवढीशी. "पी ऱ्हायनी," ताईबाई म्हणाली आणि खाली बसली. मग तिने विचारलं, "हाई कोणी म्हैसनं शे?"

मला टाळता आलं असतं. सरकारी आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "तुमच्याच म्हशीचं. हिचंच. दोन वर्षांपूर्वी मी नेलं होतं. ते पारडू गेलं ना अठराव्या दिवशी हगवणीने, त्याच्या वाटचं." दोन लिटर नेलं होतं. सर म्हणाले होते एकदाच भरपूर घे, अभ्यासभर पुरेल. उरलेल्याचा तिने मला खरवस केला होता. ते पारडू मेलं तेव्हा मी वहीत 'कारण अज्ञात' लिहिलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, आतड्याचं, चोवीस तासांचं, वाफवल्यावर काय होतं ते, माझ्या पोटात काही होत नाही तेही. सांगताना माझा आवाज एकसुरी झाला होता, पाठ केलेलं म्हणावं तसा. सहा वर्षांत हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही, बघायचं, असा नियम होता आणि तो पाळणं सोपं होतं. शेवटी म्हटलं, "यापुढे माझ्यासाठी चीक ठेवू नका. आधी पारडूला. जार पडो न पडो."

ताईबाई पारडीच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "मंग तुले काय देऊ मी?" ती म्हणाली.

मी बाटली आणखी थोडी वर केली. बाटलीत बुडबुडे येत होते. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती, शेवटची पाऊण बाटली उरली होती. दारं उघडी होती की मिटत आली होती हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. परवा रक्त घेतलं तर कळलं असतं, पण ताडून बघायचं माप पारडीच्या पोटात होतं. आबांनी तिला उचलून म्हशीपुढे ठेवलं. म्हशीने मान वळवली, हुंगलं, आणि मग चाटायला लागली, पाठीपासून डोक्याकडे, उलट्या केसांवरून. आबांनी आचळाला हात घातला आणि पेलाभर दूध निघालं.

मी ओट्यावर येऊन बसले. पाठ भिंतीला टेकली तेव्हा कळलं किती दुखत होती. वही काढली, पट्टी नव्हती, म्हणून पेन्सिलने हातानेच एक रकाना आखला, वाकडा, आणि वर लिहिलं, चीक कोणी खाल्ला. मग मागे मागे जात राहिले. नवलभाऊंकडची मार्चची ओळ. मी. त्याच्या आधीची नोव्हेंबरची. मी. जिथे आठवत नव्हतं तिथे चव आठवायचा प्रयत्न केला आणि बहुतेक ठिकाणी ती आठवली. मी, मी, मी. डिसेंबर आता होत नाही हे मला दिसत होतं. अडीच पानं ऋतुमान जाणार, अकरा वेळचं अज्ञान जाणार, आणि सर काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येत होतं. त्याचं दुःख व्हायला हवं होतं, पण मला फक्त झोप येत होती. फोनवर आईचा निरोप होता, दुसरंही खाल्लं म्हणून.

ताईबाई आतून आली. चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवली, पण नेहमीसारखी घे म्हणाली नाही. तिथेच उभी राहिली, पदराला हात पुसत, तो कधीच कोरडा झालेला असूनही. मी कपात पाहिलं. गोठ्यात पारडी म्हशीच्या पोटाखाली डोकं खुपसून धडपडत होती, तिला जागा सापडत नव्हती.

"कायाच शे," ताईबाई म्हणाली. "दूध तिले ठी दिधं."

मी कप उचलला. साखर तिने दुप्पट घातली होती.